हौदाच्या नोंदी: आतून मोजलेले तीन आकडे

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

हौद बांधायचं आज पक्कं झालं. चाळीसगाव तालुक्यातलं आमचं गाव. नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही दोन तास. घरात साठवण म्हणजे ५०० लिटरची काळी टाकी आणि दोनशे-दोनशे लिटरचे दोन ड्रम. गेल्या मे महिन्यात नळ आठव्या दिवसावर गेला, तेव्हा आईने या वयात शेजारच्या विहिरीवरून हंडे वाहिले. मी तालुक्याला शाळेत होते, मला ते नंतर कळलं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. दादा म्हणाला, "ताई, तू हेच शिकवतेस ना पोरांना? मग मापं तू काढ, बाकी मी बघतो."

आधी गरज काढली. माणशी ५५ लिटर हा जल जीवन मिशनचा दररोजचा हिशोब आहे. घरात सहा माणसं, म्हणजे ३३०. दोन म्हशींचं पाणी वहिनीने तीन दिवस बादल्या मोजून सांगितलं: १५ लिटरच्या चार बादल्या एकीला, म्हणजे दोघींचं १२०. रोजचे ४५० लिटर. नळ लांबला तरी चौदा दिवस निघाले पाहिजेत, असं दादाचं म्हणणं. ४५० × १४ = ६,३०० लिटर.

आता याची पेटी करायची. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा पेटीत १,००० लिटर मावतात. म्हणजे मला ६.३ घनमीटर हवेत. घर आणि गोठा यांच्यामधली पट्टी अरुंद आहे, रुंदी दीड मीटरच्या वर नेता येत नाही. खाली सहा फुटांवर कठीण मुरूम लागतो, त्यामुळे खोलीलाही हद्द आहे. लांबी २.४०, रुंदी १.५०, पाण्याची उंची १.७५ मीटर. गुणाकार केला तर बरोबर ६.३. पाण्याच्या वर २५ सेंटीमीटर मोकळी जागा हवी, कारण तिथून ओव्हरफ्लोचा पाइप निघणार. म्हणून हौदाची आतली उंची २ मीटर.

पुतणी आठवीत आहे. तिने विचारलं, "आत्या, मग हौद किती लिटरचा म्हणायचा? ७,२०० की ६,३००?" भिंती, तळ, स्लॅब यांच्यात ७.२ घनमीटर जागा आहे हे खरं. पण पाणी ६.३च राहणार. वहीत मी ६,३०० लिहिलं आणि खाली रेघ मारली.

११ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्री आले. जागा बघून म्हणाले, "आठ बाय पाच करू, ताई." माझे २.४० आणि १.५० मीटर म्हणजे जवळजवळ आठ फूट आणि पाच फूटच. मला वाटलं, एकमत झालं. मग त्यांनी खडूने ओट्यावर चौकट काढली आणि भिंत चौकटीच्या आत दाखवली. म्हणजे त्यांचे आठ बाय पाच बाहेरून होते.

भिंत नऊ इंची. लांबीत दोन्ही बाजूंनी मिळून दीड फूट गेला, रुंदीतही दीड फूट. आत उरले साडेसहा बाय साडेतीन. बाहेरून ४० चौरस फूट दिसणारा हौद आतून २२.७५ चौरस फुटांचा होतो. खोली तीच ठेवली तरी पाणी ४३ टक्क्यांनी कमी. चौदा दिवसांचा हौद आठ दिवसांवर आला असता, आणि बांधून झाल्यावर त्याला काही इलाज नसता.

मिस्त्रींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घराचं बांधकाम ते आयुष्यभर बाहेर-बाहेर मोजत आलेत, कारण जोत्याचं क्षेत्रफळ तसंच धरतात. पाणी मात्र आत राहतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "मिस्त्री, माझं माप पाण्याचं आहे." त्यांनी लगेच खडू पुसला आणि भिंत चौकटीच्या बाहेर धरून नव्याने आखणी काढली.

मग दोघांनी बसून आतून बाहेर मापं वाढवत नेली. पाणी २.४० × १.५०. आतला गिलावा दोन सेंटीमीटर, दोन्हीकडून चार. म्हणून विटेच्या तोंडापासून तोंडापर्यंत २.४४ × १.५४. भिंत २३ सेंटीमीटर, दोन्हीकडून ४६. म्हणून बाहेरून २.९० × २.००. बाहेरच्या गिलाव्याला माणूस उतरला पाहिजे, त्यासाठी चारही बाजूंनी एकेक फूट. म्हणून खड्डा ३.५० × २.६०. खोली: दोन मीटरपैकी ३० सेंटीमीटर जमिनीच्या वर काढायचे, म्हणजे साप-बेडूक आणि अंगणातलं पाणी आत जाणार नाही. खाली १.७०, त्यात तळाचा स्लॅब १५ आणि त्याखालची पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, १० सेंटीमीटर. एकूण १.९५.

एकाच हौदाच्या चार पेट्या झाल्या, एकीत एक बसलेल्या. कामावर कुणी "हौदाची लांबी किती?" विचारलं तर आधी "कुठली लांबी?" विचारायचं, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

फक्की मारून आखणी. बाजू ३.५० आणि २.६० बरोबर आल्या, तरी कर्ण एक ४.४४ आणि दुसरा ४.२८. चौकट तिरकी पडली होती. चारही बाजू बरोबर असूनही आतली जागा कमी भरते, हे पुतणीला दोरी धरायला लावून दाखवलं. खुंट्या सरकवल्या, दोन्ही कर्ण ४.३६ झाले.

२४ फेब्रुवारी, शनिवार

जेसीबी सकाळी आठला आला, अकराला खड्डा तयार. आखलेली रेष जेसीबीच्या दातांना कळत नाही. वर थोडं जास्त खणलं, खाली निमुळतं झालं, तळही सारखा नाही. आता या खड्ड्याचं घनफळ काय धरायचं?

याचं उत्तर आमच्याच तालुक्याशी नातं असलेल्या माणसाने देऊन ठेवलं आहे. पाटणादेवीच्या मंदिरात जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाला १२०७ साली दिलेल्या दानाची नोंद आहे. शाळेची सहल दर वर्षी तिथे जाते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत खड्ड्यांचा एक वेगळा भागच आहे, खातव्यवहार. त्यात सांगितलं आहे की खड्डा वेडावाकडा असेल तर लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी अनेक ठिकाणी मोजा, बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागा आणि मग गुणा. तिथलं उदाहरण: लांबी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७, खोली २, ४, ३. सरासरी ११, ६, ३ आणि घनफळ १९८ घनहस्त. मला हे फार आवडतं, कारण पुस्तकातली पेटी नेहमी सरळ असते आणि या माणसाने ११५० साली वाकडा खड्डा घेतला.

आम्ही तसंच केलं. लांबी तीन ठिकाणी, तीन खोलींवर मोजली: ३.८०, ३.६०, ३.४०. सरासरी ३.६०. रुंदी २.९०, २.७०, २.५०, सरासरी २.७०. खोली १.९०, २.००, १.९५, सरासरी १.९५. घनफळ १८.९५ घनमीटर.

लीलावतीत निमुळत्या खड्ड्यासाठी आणखी अचूक रीत आहे: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या बाजूंच्या बेरजेतून होणारं क्षेत्रफळ, तिन्ही मिळवून सहाने भागायचं आणि खोलीने गुणायचं. तोंड ३.८ × २.९ = ११.०२. तळ ३.४ × २.५ = ८.५०. बेरजेचं ७.२ × ५.४ = ३८.८८. एकूण ५८.४०, भागिले सहा, गुणिले १.९५, म्हणजे १८.९८. फरक २६ लिटरचा, दोन बादल्यासुद्धा नाही. इतक्या कमी उताराला साधी सरासरी पुरे.

पण उतार मोठा असेल तर हीच रीत लागते. दादाने विचारलं म्हणून तिथेच पाटीवर ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्याचा हिशोब केला. सरळ पेटी धरली तर २,७०० घनमीटर. एकास एक उतार धरला तर तळ २४ × २४ चा उरतो आणि घनफळ येतं २,१९६. पाच लाख चार हजार लिटरचा फरक. शेततळ्याच्या भरवशावर डाळिंबाची बाग धरणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा.

दुपारी माती हलवली. ट्रॅक्टरची ट्रॉली आतून मोजली: दहा फूट, सहा फूट, एक फूट आठ इंच. बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. आपल्याकडे वाळू, मुरूम, खडी सगळं ब्रासमध्ये चालतं, म्हणून ट्रॉली एकदा आतून मोजून ठेवलेली बरी. खड्डा ६६९ घनफूट, ६.७ ब्रास. सात खेपा व्हायला हव्या होत्या. झाल्या नऊ, सगळ्या फळीला सपाट भरलेल्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "जमिनीतली माती दबलेली असते ताई, मोकळी झाली की फुगते." इथे ती ३४ टक्के फुगली. खड्ड्याचं घनफळ आणि ट्रॉलीतलं घनफळ एकाच मातीचं असूनही एक नाही. दोन खेपा भिंतीमागे भरायला ठेवल्या, बाकी बांधावर टाकल्या.

२ मार्च, शनिवार

पीसीसी झाली. ३.४० × २.५० × ०.१० = ०.८५ घनमीटर. तळ पाणसळीत.

९ मार्च, शनिवार

आज माझी चूक झाली. ती नीट लिहून ठेवते.

तळाचा स्लॅब ३.२० × २.३० × ०.१५, म्हणजे १.१०४ घनमीटर, १,१०४ लिटर. सिमेंट, वाळू, खडी १ : १½ : ३. सुकं साहित्य ओल्या काँक्रीटच्या साधारण १.५४ पट लागतं, कारण खडीच्या फटीत वाळू बसते आणि वाळूच्या फटीत सिमेंट. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीचं घनफळ सुमारे ३५ लिटर. म्हणून वाळू-खडी मोजायला ३५ लिटरचा फरमा लागतो: ४० × ३५ × २५ सेंटीमीटर. एका गोणीला दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी. त्यातून १२५ लिटर काँक्रीट. नऊ गोण्या पुरतात, दहा आणल्या.

फरमा मी गावातल्या सुतारकाकांकडून करून घेतला होता. चिठ्ठीवर लिहून दिलं, "४० × ३५ × २५ सेंमी". "आतून" हा शब्द लिहिला नाही. मिस्त्रींना महिन्यापूर्वी हेच समजावणारी मी, आणि चिठ्ठीत तो शब्द राहिला.

सकाळी सातला मिक्सर सुरू झाला. पाच गोण्या संपल्या तेव्हा काँक्रीट लांबीच्या १.८० मीटरपर्यंत पोचायला हवं होतं. ते १.४० वरच होतं. मिस्त्री म्हणाले, "ताई, माल कमी पडतोय." मी जाडी तपासली, १५ सेंटीमीटर बरोबर. पुतणीने टेप फरम्याच्या आत घातला आणि ओरडली, "आत्या, हा छत्तीसच आहे!"

फळ्या दोन सेंटीमीटर जाडीच्या. सुतारकाकांनी बाहेरून माप धरलं होतं, खालची फळी उंचीत मोजून. आतून ३६ × ३१ × २३, म्हणजे २५.७ लिटर. पस्तीसऐवजी पावणेसव्वीस.

मला धक्का बसला तो फरकाच्या आकाराचा. लांबीत कमी झाले दहा टक्के, रुंदीत साडेअकरा, उंचीत आठ. एकेकटं बघितलं तर डोळ्याला कळतही नाही. पण घनफळात तिन्ही एकमेकांना गुणले जातात, ०.९० × ०.८९ × ०.९२, आणि एकदम २७ टक्के जातात. वर्गात मी फळ्यावर हे शंभर वेळा लिहिलं असेल. हाताशी सिमेंट कमी पडताना त्याचा अर्थ वेगळाच लागला.

स्लॅब अर्ध्यात थांबवता येत नाही, सांधा पडला की तिथूनच पुढे पाणी झिरपतं. तिथेच उभ्याने हिशोब केला. गोणीला हवी वाळू ५२.५ लिटर, या फरम्याचे दोन म्हणजे ५१.३. हवी खडी १०५; याचे चार म्हणजे १०२.७. जवळजवळ बरोबर. मिस्त्रींना सांगितलं, "आता दीड आणि तीन नाही. दोन आणि चार." ते म्हणाले, "लक्षात ठेवायला सोपंच की."

पहिल्या पाच गोण्यांतून ४८८ लिटर काँक्रीट पडलं होतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त सिमेंटचं. त्याने मजबुतीला धोका नाही. उरलेले ६१६ लिटर पाच गोण्यांत बसले. दहावी गोणी शेवटच्या कोपऱ्याला संपली.

संध्याकाळी सुतारकाकांकडे गेले. त्यांची चूक नव्हती हे आधी सांगितलं. त्यांनी न बोलता पेन्सिल घेतली आणि फरम्याच्या आतल्या बाजूवर ३६ × ३१ × २३ लिहून दिलं. फरमा तसाच ठेवणार आहे.

१६ मार्च, शनिवार

विटा आल्या. नऊ, चार, तीन इंची. एक घनफूट म्हणजे १,७२८ घनइंच आणि वीट १०८ घनइंचांची, म्हणजे घनफुटात बरोबर सोळा विटा. हा आकडा इतका सुटसुटीत आहे की विटांचा चट्टा मोजायला कागद लागत नाही. चट्टा साडेसात फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच: १२० घनफूट, १,९२० विटा. वर अर्धवट थरात ८० सुट्या मोजल्या. दोन हजार पूर्ण.

अशा पेटीच्या आकाराला पाठ्यपुस्तकात इष्टिकाचिती म्हणतात. मुलांना हा शब्द जड वाटतो. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला ढीग. पुतणी आज त्या चट्ट्यावर बसून म्हणाली, "म्हणजे मी इष्टिकाचितीवर बसलेय." लीलावतीत हाही हिशोब आहे, चितिव्यवहारात: १८ × १२ × ३ अंगुळांची वीट, आठ हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच रचलेली. हाताचे २४ अंगुळ. ढीग १२० घनहस्त, वीट घनहस्ताचा ३/६४ भाग, विटा २,५६० आणि थर २४. आमच्या चट्ट्याचा आकडाही १२० च आला, फक्त घनफुटांत. पुतणीने दोन्ही हिशोब वहीत शेजारी-शेजारी लिहिले.

भिंतीला विटा किती लागतील? चार भिंती वेगवेगळ्या मोजल्या की कोपरे दोनदा धरले जातात. त्यापेक्षा मोठ्या पेटीतून लहान पेटी वजा करावी. बाहेरची २.९० × २.०० × २.०० = ११.६०. आतली २.४४ × १.५४ × २.०० = ७.५२. उरली भिंत, ४.०८ घनमीटर. या मापाची वीट एक सेंटीमीटरच्या सांध्यासकट घनमीटरला साधारण ४३५ लागते. १,७७५. तुटफूट धरून दोन हजार ठीक.

३० मार्च, शनिवार

भिंती खांद्यापर्यंत. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून, ओळंबा सोडून. भिंती भिजवायला शेतातल्या विहिरीचं पाणी बैलगाडीने आणावं लागतं, ते काम दादाचं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर हौदात उतरले. आतला गिलावा कालच पुरा झाला. लांबी वर, मधे, खाली: २.४०, २.४१, २.३९. रुंदी १.५०, १.५०, १.५०. आतला कर्ण दोन्हीकडे २.८३. गिलाव्याची जाडी मिस्त्रींनी दोन सेंटीमीटरच्या बाहेर जाऊ दिली नाही. पाडव्याच्या दिवशी याहून मोठा आनंद मला नको होता. मिस्त्रींना आईने श्रीखंडाचं ताट दिलं.

२० एप्रिल, शनिवार

वरचा स्लॅब. २.९० × २.०० × ०.१०, त्यातून ६० × ६० सेंटीमीटरचं तोंड वजा. ०.५४ घनमीटर. दोन फरमे, चार फरमे.

६ मे, सोमवार

सुटी लागली, आता इथेच आहे. सेंट्रिंग तोंडातून बाहेर काढलं. उतरण्याआधी झाकण दोन दिवस उघडं ठेवलं होतं, पेटता दिवा सोडून बघितला होता आणि वर दोघे दोरी धरून उभे होते. बंद हौदात घाईने उतरून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो. आत झाडून, धुऊन घेतलं.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आखाजीला लेकी माहेरी येतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आईने पहिली घागर हौदाच्या पाण्याने भरायचं मनात धरलं होतं, म्हणून टँकर आजच बोलावला. ५,००० लिटरचा.

हौदाचा तळ २.४० × १.५० = ३.६ चौरस मीटर. म्हणजे पाणी एक सेंटीमीटर चढलं की ३६ लिटर. ५,००० ला १३९ सेंटीमीटर यायला हवेत. टँकर रिकामा झाल्यावर सागाची पट्टी तोंडातून सरळ खाली टेकवली: १३२. म्हणजे ४,७५२ लिटर. २४८ लिटर कमी.

पैसे पाच हजारांचे दिले होते. दादा चिडला. मी म्हटलं, नव्या गिलाव्याने थोडं प्यायलं असेल, उद्या बघू.

घागर भरली. सांजोरीचा नैवेद्य दाखवला.

१३ मे, सोमवार

११ ला सकाळी १३१, १२ ला १३१, आज १३१. या तीन दिवसांत वापर बंद ठेवला होता. गिलाव्याने प्यायलं ते एक सेंटीमीटर, ३६ लिटर, तेही पहिल्याच रात्री. हौद गळत नाही. म्हणजे उरलेली तूट टँकरातच होती. दादाने टँकरवाल्याला पट्टी दाखवली आणि आकडा सांगितला. पुढच्या खेपेला टँकरचं झाकण उघडून पातळी दाखवायची आणि मगच नळी सोडायची, असं ठरलं. आतून मोजलेला हौद हा आता आमचा फरमाच झाला आहे.

१८ मे, शनिवार

आईला सेंटीमीटर सांगून उपयोग नाही. ती रोज विचारते, "किती दिवसांचं आहे?"

रोजचे ४५० लिटर, सेंटीमीटरला ३६. भागाकार १२.५. म्हणजे साडेबारा सेंटीमीटर म्हणजे एक दिवस. पावणेदोन मीटरमध्ये बरोबर चौदा दिवस. मी फेब्रुवारीत आकडे निवडले तेव्हा हे डोक्यात नव्हतं. पण चौदा दिवस आणि सरळ भिंती असल्यावर दिवसही सारखेच पडणार. भिंती तिरप्या असत्या तर वरचा दिवस आणि खालचा दिवस वेगळ्या उंचीचे झाले असते.

सुतारकाकांनी पट्टीवर साडेबारा-साडेबारा सेंटीमीटरवर चौदा खाचा पाडून दिल्या. या वेळी चिठ्ठी दिली नाही, शेजारी बसून राहिले. आईने पट्टी हौदात बुडवली, वर काढली, ओल्या भागावरून अंगठा फिरवला आणि मोजलं: "दहा." बरोबर होतं.

१ जून, शनिवार

नळ आठव्या दिवसावर गेला. नळाला पंधरा लिटरची बादली लावली, ४० सेकंदांत भरली. दोन तासांत २,७०० लिटर. आठ दिवसांचा वापर ३,६००. दर पाळीला ९०० लिटर हौदातून जाणार, म्हणजे दोन खाचा. जून काढता येईल. पण नळाच्या जोरावर हौद पुन्हा भरणार नाही. पाचव्या दिवशी पाणी आलं तरी पाळीला ४५०च शिल्लक राहतात. हौद केवढा याचा हिशोब मी केला आणि तो भरणार कशाने याचा केला नव्हता. दादाने छपराकडे बोट दाखवलं.

४ जून, मंगळवार

छपराला पन्हळ लावली. पावसाचं पाणी म्हणजेसुद्धा एक पेटीच आहे: छपराएवढी लांब-रुंद आणि पडलेल्या पावसाएवढी उंच. पत्र्याची लांबी उतारावर ६.३० भरली, पण पाऊस वरून सरळ पडतो, म्हणून उतार न धरता खाली जमिनीवर पडणारी सावली मोजायची: ९ × ६, म्हणजे ५४ चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाला ५४ लिटर. पहिलं धुळीचं पाणी ड्रममध्ये वळवायचा पाइप वेगळा ठेवला. अंगणात सरळ भिंतींचा पत्र्याचा डबा मांडला.

८ जून, शनिवार

दुपारी चारपासून ढग भरून आले. पावसाआधी आईने पट्टी घातली: चार खाचा बरोबर, ५० सेंटीमीटर.

सव्वापाचला सुरू झाला, साडेसहाला थांबला. डब्यात ३० मिलिमीटर. छपरावर ५४ × ०.०३० = १.६२ घनमीटर, १,६२० लिटर पडले. पहिले दोनशे लिटर ड्रममध्ये वळवले. पन्हळीच्या एका सांध्यातून बराच वेळ धार बाहेर जात होती, तो उद्या दादा बंद करेल.

दिवे लागणीला झाकण उघडलं. पट्टी ८३ सेंटीमीटरपर्यंत ओली. ३३ सेंटीमीटर चढलं, १,१८८ लिटर. पुतणीने टॉर्च धरला होता. आईने अंगठा खालून वर नेला, सहाव्या खाचेच्या पुढे थांबली आणि म्हणाली, "सहा झाले. सातव्याला बोटभर कमी आहे. आजच्या पावसाने अडीच दिवस दिले."